सांगलीत एफएमसाठी अँटेना बनवून घ्यायचाय? काकांच्या दुकानाचा अनुभव

सांगलीत बसून ज्यांना कोल्हापूर आकाशवाणीचं १०२.७ नीट लागत नाही, सारखी खरखर, जरा हात हलवला की स्टेशन गायब, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी खुशाल स्क्रोल करा.

आधी ऑनलाइन मागवलेल्या तयार अँटेनाबद्दल, म्हणजे पैसे कुठं घालू नयेत ते कळेल. कंपनीचं नाव घेत नाही. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘हाफ वेव्ह एफएम’ छापलंय आणि आतल्या दोन दांड्या प्रत्येकी दीड मीटर! आता एफएमची लाट साधारण तीन मीटरची असते, तर हाफ वेव्ह म्हणजे दोन्ही दांड्या मिळून दीड मीटर पाहिजेत, ह्यांनी एकेक दांडी दीडची केली म्हणजे फुल वेव्ह झाला की. असा अँटेना मधोमध तोडून तिथं केबल जोडली तर तिथला इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, भलताच जास्त येतो आणि ७५ ओहमच्या केबलशी त्याचं काही जमत नाही. दिसायला मात्र एकदम चकाचक, गच्चीवर शोभून दिसतो, एवढंच.

मग गणपती पेठेजवळच्या बोळातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. बोर्ड पार पुसलाय, बाहेर जुन्या टीव्ही अँटेनाच्या ॲल्युमिनियम पाईपांचा ढीग दिसला की तेच. आत काका असतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कुठलं स्टेशन पायजे ते सांगा, अँटेना नंतर बघू.” १०२.७ म्हटल्यावर बिलबुकाच्या मागं पेनानं ३०० भागिले १०२.७ केलं, आले २.९२ मीटर. त्याचं निम्मं १.४६. त्यातनं पाच टक्के वजा, कारण खऱ्या पाईपात हिशोबापेक्षा जरा कमी लांबी लागते, आणि पाईप जाड असला तर अजून थोडी कमी. राहिले १.३९ मीटर, म्हणजे दोन तुकडे, प्रत्येकी सत्तर सेंटीमीटरला जरासे कमी. हॅक्सॉनं कापले, कडा कानशीनं घासल्या, मधे प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स आणि पाणी जाऊ नये म्हणून एमसील. आपण उभं राहून बघायचं.

हे ३०० कुठनं आलं म्हणून विचारलं तर काका खुश झाले, आणि इथं सांगतो की घाईत असाल तर विचारू नका. लाट जाते प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर, आपण धरायचे तीन लाख, म्हणजे तीस कोटी मीटर. मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख लाटा. तीस कोटीला दहा लाखानं भागलं की शून्यं उडतात आणि राहतात ३००. मेगाहर्ट्झनं भागा, उत्तर मीटरमधे. उलटं पाहिजे असलं तर ३०० ला मीटरनं भागा, मेगाहर्ट्झ मिळतात. बास, एवढंच गणित.

किलोहर्ट्झ असलं की मात्र ३०० नाही, तीन लाख घ्यायचे. सांगली केंद्राचे मिडियम वेव्हचे १२५१ किलोहर्ट्झ त्यात घाला, २३९.८ मीटर येतात. पूर्वी आकाशवाणीवर अमुक मीटर म्हणजेच अमुक किलोहर्ट्झ असं सांगायचे ते हेच, दोन्ही आकडे एकाच लाटेचे. भाच्याच्या मोबाईलमधल्या कन्व्हर्टर ॲपमधे मी तेच १२५१ टाकून बघितलं तर उत्तर २४ सेंटीमीटर! ॲप आपलं आपणच मेगाहर्ट्झ धरून बसतं आणि युनिट बदलायचं बटण कोपऱ्यात बारीक. ॲपला एक स्टार, तोही फुकट आहे म्हणून.

मी काकांना मिडियम वेव्हचा पण करून द्या म्हटलं, तर हसले. “हाफ वेव्ह करायला १२० मीटर तार लागंल, बांधताय कुठं?” म्हणून तर रेडिओच्या आत फेराईटची काळी कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली, आणि म्हणूनच मिडियम वेव्हला रेडिओ आडवा-उभा फिरवला की आवाज कमीजास्त होतो. एफएमला ही कांडी कामाची नाही, तिथं बाहेरची दांडी काम करते.

आता रिझल्ट. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत लावलाय, दांड्या साधारण उत्तर-दक्षिण, कारण कोल्हापूर इथनं पश्चिमेकडं येतं आणि डायपोल, म्हणजे असा दोन दांड्यांचा अँटेना, बाजूनं ऐकतो, टोकाकडनं जवळपास नाही. केबलला डिशची उरलेली आरजी-६ वापरली, ती ७५ ओहमची असल्यानं बरी जुळते. मधली तार क्रोकोडाईल क्लिपनं रेडिओच्या दांडीला, बाहेरची जाळी बॅटरीच्या मायनसला. खरखर गेली, स्टिरिओचा दिवा लागतो आणि लागलेला राहतो. दांड्या फिरवून कोल्हापूरच्या रेषेत केल्या तर लगेच सिग्नल पडतो, म्हणजे गंमत म्हणून करून बघा.

तक्रारी पण आहेत. नट-बोल्ट साधे लोखंडी टाकतात, पावसाळ्यात गंजणारच, स्टेनलेसचे आधीच सांगून ठेवा. वॉरंटी वगैरे विचारायची सोय नाही. आणि एका स्टेशनसाठी कापलेला आहे म्हणून बाकीची स्टेशनं तेवढी जोरात येतीलच असं नाही. सगळा बँड पाहिजे असेल तर ८८ ते १०८ चा मध्य ९८ धरून कापून मागा, म्हणजे एकूण १.४५ मीटरच्या आसपास.

केबल धरून तीनशेच्या आत काम झालं, ऑनलाइनवाल्याच्या निम्म्यात. दुपारी जेवायला दुकान बंद असतं, संध्याकाळी जा. यूपीआय चालतं, बिल मात्र मागून घ्यावं लागतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला तुमचं गणित असणार, ते फाडून ठेवून घेतील, फोटो काढा.