ओढायचा ट्रंपेट: टर्कीच्या शिट्टीबरोबर सहा महिने

बावीस वर्षं झाली, मी हळदीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. दिवसा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभा, रात्री बाळकूमपासून दिव्यापर्यंत जिथे सुपारी मिळेल तिथे. अटलांटाला राहणारा भाचा दिवाळीत घरी आला आणि वीतभरही नसलेली लाकडी नळी हातात ठेवून म्हणाला, "मामा, हा पण ट्रंपेटच. वाजव बघू." मी हसून फुंकली. फुस्स. गाल फुगवून पुन्हा फुंकली, तरी तेच. बाकीची पोरं हसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "फुंकायचं नाही रे. ओढायचं."

ही अमेरिकेतल्या रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीत वापरायची शिट्टी. वसंतात नर टर्की गळा काढून ओरडतो आणि खरं तर मादीच त्याच्याकडे चालत जाते. शिकारी हे उलटं करायला बघतो. झाडाला पाठ लावून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावं म्हणून थांबतो. म्हणून आवाज जेमतेम असून चालत नाही. उलट्या रिवाजाला भुलायचं तर नराला आवाज तरी पटला पाहिजे ना!

आपल्याकडे शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि रानटी टर्की हा आपला पक्षीच नव्हे. तेव्हा मी हे वाद्य म्हणून वाजवलं, शिकारीतला अनुभव भाच्याचा. ही नळी घेऊन कुणी येऊरला जाऊ नये. ते राष्ट्रीय उद्यानातलं जंगल आहे, तिथल्या पाखरांना उगाच फसवण्यात काही मर्दुमकी नाही.

आधी वस्तूबद्दल. पहिली नळी स्वस्तातली होती. ओठ पुढे सरकू नयेत म्हणून मुखनळीवर एक चकती बसवलेली असते, ती तिसऱ्या आठवड्यात निघून हातात आली. व्हर्नियर लावून पाहिलं तर मुखनळीचं भोक मध्यावरच नव्हतं, एका बाजूची भिंत कागदासारखी. असला जॉब आमच्या इन्स्पेक्शनने डोळे मिटून रिजेक्ट केला असता. भाच्याने विकणाऱ्याला लिहिलं. त्याने फोटो मागवले, फोटो गेले, मग तो गप्प. जानेवारीत ओळखीच्या माणसाबरोबर दुसरी आली, एकट्या कारागिराने खरादावर काढलेली. एकशे दहा डॉलर. हे ऐकून माझी बायको अर्धा मिनिट काही बोलली नाही.

पण काम बघावं तर असं. मधली नळी गडद लाकडाची, वर पितळी कडी, पुढे छोटा भोंगा, मागे पांढऱ्या कडक प्लास्टिकची मुखनळी. तिचं टोक रिफिलपेक्षा थोडं जाड, भोक माझ्या मोजणीत तीन मिलिमीटरच्या आत. आतून काचेसारखं गुळगुळीत, कुठे टूलची खूण नाही. मुखनळी नुसती दाबून बसते, पीळ देऊन बाहेर काढता येते आणि थोडी आतबाहेर केली की आवाजाची पट्टी बदलते. आमच्या ट्रंपेटला ट्यूनिंग स्लाइड असते, तीच गंमत इथे फुकटात.

मूळ वस्तू अर्थात हाडांची. टर्कीच्याच पंखाची तीन हाडं उकळून, आतला मगज काढून, एकात एक बसवायची. सगळ्यात बारीक तोंडाकडे, खांद्याचं जाड हाड पुढे. अमेरिकेतले आदिवासी हे हजारो वर्षांपूर्वी करत होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लुईझियानातल्या चार्ल्स जॉर्डनची ओढायची शिट्टी शिकाऱ्यांत गाजली, नंतर मेम्फिसच्या टॉम टर्पिनच्या ट्रंपेटचं नाव झालं. आजचे कारागीर अजून ह्याच वळणावर काम करतात. ज्या पक्ष्याला बोलवायचं त्याच्याच हाडातून बोलवायचं, हे मला आधी जरा कसंसंच वाटलं. मग आठवलं, आपला ढोल तरी कशाचा असतो!

आता वाजवणं. ट्रंपेट येणाऱ्याला हे सोपं जाईल असं भाच्याला वाटलं होतं. उलट झालं. माझे ओठ बावीस वर्षं बाहेर ढकलायला शिकलेत. पहिले पंधरा दिवस नुसता 'सुर्र' आवाज, चहा ओढल्यासारखा. शेवटी जमलं ते शेजारच्या तान्ह्या पोराचा मुका घेताना. ओठ चिकटलेले, गाल किंचित आत, आणि 'मच्'. हाच तो आवाज! नळीचं टोक ओठांच्या मधोमध नको, जरा उजव्या कोपऱ्याकडे धरायचं, आजूबाजूने हवा शिरू द्यायची नाही आणि तोच मुका नळीला द्यायचा. त्या 'मच्'ला नळीत गेल्यावर सूर फुटतो.

दुसरी चूक छातीची. मी प्रत्येक सुराला पोटापासून श्वास ओढत होतो. पाचव्या सुराला फुग्यासारखा टम्म. ट्रंपेटमध्ये दम संपतो, इथे दम भरतो! ओढ फक्त तोंडातल्या तोंडात, चिमूटभर हवी. ह्याचा एक फायदा मात्र मान्य करतो. आमच्या ट्रंपेटमधून दर दोन गाण्यांनी पाणी काढावं लागतं, ह्यात बाहेरची हवा आत येते, त्यामुळे नळी जवळजवळ कोरडी राहते.

मादीची नेहमीची हाक म्हणजे येल्प. तिला दोन मजले असतात. वरचा बारीक, स्वच्छ, लगेच खाली उतरून खरखरीत. आधी ओठ घट्ट ठेवून ओढायचं आणि ओढता ओढताच जबडा सैल सोडायचा. असे पाच-सात एकामागून एक. मी आधी सुराच्या मागे लागलो. भाच्याने फोनवर ऐकून सांगितलं, "मामा, सूर राहू दे, तुझा ताल बँडसारखा येतोय." बरोबर होतं, मी न कळत ठेका धरत होतो. हळदीत सम चुकली तर नाचणारे शिव्या घालतात, इथे सम ठेवली तर पक्षी यायचा नाही. मग रोज दहा मिनिटं खऱ्या मादीचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि मगच नळी तोंडाला लावायची, असं ठरवलं. इतर शिकाऱ्यांचं वाजवणं ऐकून शिकलात तर त्यांच्या चुका फुकट मिळतात.

दोन्ही तळव्यांची ओंजळ करून भोंग्यापुढे धरायची. मिटली की लांबचा आवाज, उघडली की जवळचा. ट्रंपेटवर प्लास्टिकचा मग धरून 'वा-वा' काढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. एकच तुटक 'टक्' म्हणजे क्लक, तो जिभेने ओढ अचानक तोडून काढतो. पिल्लांची 'की-की' शिट्टी सुरेख निघते. मांजरासारखी घरघर मात्र मला अजून जमत नाही.

घरी आयने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरातून ओरडली, "काय र, कोंबरीला काय झायलं?" मी हे प्रशस्तिपत्र म्हणून घेतलं. त्यानंतर सराव खाडीवर. बगळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

खरी परीक्षा मुरबाडकडच्या एका ओळखीच्या वाडीवर झाली. त्यांनी टर्की पाळल्यात. मी येल्प काढला आणि नर लगेच गडगडाटी आवाजात ओरडला. मी खूश. मग मालकाने बाइकचा हॉर्न दिला, नर पुन्हा गडगडला. फाटक वाजलं, तरी तेच. मी शिंकलो, तरी तेच. म्हणजे त्याच्या शाबासकीला काही किंमत नाही. पण लांब तीन माद्या दाणे टिपत होत्या. मी ओंजळ मिटून हळू चार येल्प दिले. त्यातल्या एकीने चोच वर केली, मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि 'टक्' म्हणाली. दोन मिनिटं आम्ही दोघं बोलत होतो. नंतर तिला बहुतेक माझ्या व्याकरणाचा संशय आला.

भाच्याचा रानातला अनुभव असा: आवाज लांब जातो आणि बाकीच्या शिट्ट्यांपेक्षा वेगळा वाटतो. पण दोन्ही हात गुंततात आणि टर्कीची नजर अशी की बोट हललं तरी दिसतं. म्हणून पक्षी दिसायला लागला की तो नळी खाली ठेवतो आणि तोंडात ठेवून हाताविना वाजणारी पडद्याची शिट्टी वापरतो. अजून एक गोष्ट तो दर वेळी सांगतो: लाल, पांढरं, निळं काही अंगावर घालायचं नाही. नराचं डोकं त्याच रंगांचं असतं आणि तुमची मादीची हाक ऐकून दुसरा शिकारीही येऊ शकतो.

पहिलीच शिट्टी घ्यायची असेल तर ही घेऊ नका. लाकडी पेटीची शिट्टी घ्या, जिचं पेटंट आर्कन्सॉच्या हेन्री गिब्सनने 1897 मध्ये घेतलं होतं. झाकण घासलं की आवाज येतो, लहान पोरगंही काढेल. ती हातात बसली आणि सहा महिने रोज ओठ दुखवायची तयारी असली तरच ट्रंपेट. स्वस्तातला तर नकोच. मुखनळी वाकडी असेल तर चूक तुमची की नळीची, हेच नवख्याला कळत नाही.

आता मी वर्कशॉपमध्ये उरलेल्या शिसवीच्या तुकड्यातून एक काढतोय. भोक सरळ आलंय, चकती घट्ट आहे, आवाज मात्र पावसाळ्यातल्या बेडकाचा. भोंगा बहुतेक जास्त उघडा झालाय. रविवारी पुन्हा लेथवर चढवतो.