सभासद होण्याआधी ग्राहक होऊन पाहिले: एका नेटवर्क मार्केटिंग योजनेचे परीक्षण

एका जुन्या सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी नेटवर्क मार्केटिंगच्या, म्हणजे सभासदांनी माल विकायचा आणि नवे सभासदही जोडायचे अशा, एका योजनेची माहिती घेतली, तिच्या तीन बैठकांना बसलो आणि तिची दोन उत्पादने महिनाभर वापरूनही पाहिली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेले बरेचसे त्या एकाच कंपनीपुरते नाही.

उत्पादनांबद्दल थोडक्यात सांगतो. टूथपेस्ट खरोखर चांगली आहे. प्रोटीन पावडर इतर कोणत्याही पावडरीसारखीच आहे. दोन्हींची किंमत मात्र बाजारातल्या तशाच मालाच्या जवळपास दुप्पट आहे. बैठकीत याचे कारण विचारले असता ‘जाहिरातीचा खर्च वाचवून तो पैसा आम्ही सभासदांना देतो’ असे उत्तर मिळाले. खर्च वाचल्यावर वस्तू महाग कशी होते, हे मला अजून उमगलेले नाही.

खरा विचार करायचा तो कमिशनच्या आराखड्याचा. प्रत्येकाने आपल्या खाली दोन माणसे जोडायची, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यांनी पुढे प्रत्येकी दोन. दोन्ही बाजूंपैकी जिची विक्री कमी, तिच्या हिशेबाने कमिशन मिळते आणि दुसऱ्या बाजूची जास्तीची विक्री ठरावीक मुदतीनंतर बाद होते. शिवाय आयडी, म्हणजे सभासद क्रमांक, चालू ठेवण्यासाठी दरमहा ठरावीक पॉइंटांइतक्या मालाची खरेदी स्वतः करावी लागते. फळ्यावर हा आराखडा फार सुबक दिसतो. घरी येऊन मी तो दहा पायऱ्यांपर्यंत कागदावर मांडला, तेव्हा एकूण १०२३ माणसे झाली, त्यांपैकी ५१२ शेवटच्या पायरीवर होती आणि त्यांच्या खाली कोणीच नव्हते. त्यांच्या वरच्या २५६ जणांच्या खाली प्रत्येकी फक्त दोन. म्हणजे सगळ्यांनी सारखीच मेहनत घेतली आणि एकही जागा रिकामी राहिली नाही, असे धरले तरी चारांतल्या तिघांच्या खाली दोनपेक्षा जास्त माणसे नसतात. त्या ५१२ जणांना निदान दोन-दोन माणसे मिळायची तर नवे १०२४ लोक लागतात, आणि ही संख्या तोवर आलेल्या एकूण माणसांहून अधिक आहे. ‘ज्याने मेहनत केली नाही तो मागे राहिला’ हे वाक्य व्यासपीठावरून वारंवार ऐकू आले. तळाची जागा आराखड्यातच ठरलेली आहे, हे मात्र कोणी बोलले नाही.

अशा योजना सरसकट बेकायदेशीर असतात असे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने १९७५ साली कॉस्कॉट या कंपनीच्या प्रकरणात बेकायदेशीर पिरॅमिड योजना ओळखण्याची कसोटी घालून दिली: सभासदाने पैसे भरून माल विकण्याचा हक्क घ्यायचा आणि त्यासोबत नवी माणसे आणण्याबद्दलचा असा मोबदलाही मिळवायचा, ज्याचा प्रत्यक्ष वापरणाऱ्याला झालेल्या विक्रीशी संबंध नाही. १९७९ साली ॲमवे ही नेटवर्क मार्केटिंग कंपनी या कसोटीतून सुटली, कारण न विकलेला माल परत घेणे, घेतलेल्या मालापैकी ७० टक्के विकल्यावरच बोनस देणे आणि दरमहा १० ग्राहकांना विक्री दाखवणे असे तिचे नियम होते. मात्र उत्पन्नाचे फुगवलेले दावे आणि किंमती बांधून देणे या बाबतींत आयोगाने तिलाही दोषी धरले. पुढे २०१६ मध्ये हर्बालाइफ या अशाच कंपनीने २० कोटी डॉलर देऊन आयोगाशी तडजोड केली, तेव्हाही कमिशन खऱ्या, तपासता येणाऱ्या विक्रीशी जोडावे, ही अट होतीच.

म्हणून मी सहकाऱ्याच्या अपलाइनला, म्हणजे साखळीत त्याच्या वर असलेल्या सभासदाला, तीनच प्रश्न विचारले. सभासद नसलेल्या लोकांना किती माल विकला जातो? खर्च वजा जाता सभासदाचे उत्पन्न किती, तेही मध्यावरच्या सभासदाचे, सर्वांत वरच्याचे नव्हे? उरलेला माल कोणत्या अटींवर परत घेतला जातो? पहिल्या प्रश्नाला ‘आपले सभासद हेच आपले ग्राहक’ असे उत्तर आले, दुसऱ्याला गाडीसोबत काढलेला एक फोटो दाखवण्यात आला. तिसऱ्याचे उत्तर छापील होते आणि ते स्पष्ट होते, एवढे श्रेय देतो: सीलबंद डबा तीस दिवसांत, काही रक्कम कापून.

सहकाऱ्याशी एकट्याने बोललो तेव्हा त्याने वही दाखवली. अकरा महिन्यांत मिळालेले कमिशन त्याच्या स्वतःच्या खरेदीच्या निम्म्याहूनही कमी होते आणि त्यात बैठकांचा प्रवास व फोनचा खर्च धरलेलाच नव्हता. तो फसवणारा माणूस नाही. आपली बाजू जुळली की वही उलटी दिसेल, असे त्याला मनापासून वाटते, आणि मला बोलावण्यामागेही त्याची रिकामी उजवी बाजू होती, हे त्याने स्वतःच सांगितले.

मी सभासद झालो नाही. टूथपेस्ट आवडली असल्याने साधा ग्राहक म्हणून ती मागितली, तर तशी पावती करता येत नाही, त्यासाठी आयडी घ्यावा लागेल, असे अपलाइनने कळवले. शेवटी सहकाऱ्याने स्वतःच्या कपाटातून एक ट्यूब काढून दिली. मागे पावडरीचे न उघडलेले डबे दोन रांगांत लावलेले होते, आणि त्यांची तीस दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती.