बायोसचं लायसन्स संपलंय म्हणाला आणि मी २६,५४८ घालवून बसलो

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, घरचे हसून झालेत. पण नवीन पीसी जोडलाय, डिस्प्ले येत नाहीये आणि तुम्ही आत्ता सर्चमध्ये मदरबोर्ड कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधताय असं असेल, तर तो टॅब बंद करा आणि मग पुढचं वाचा. नंबर हवा असेल तर बॉक्समधल्या कागदावर असतो. सर्चमध्ये सगळ्यात वर, "जाहिरात" असं बारीक अक्षरात लिहिलेला जो येतो तो नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. आईला मीच शिकवलंय हे.

तर झालं असं. शनिवारी संध्याकाळी मशीन जोडून झालं. एएमडीच्या रायझन ९००० सिरीजमधला प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, ३२-३२ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम स्टिक, ७५० वॅटचा पॉवर सप्लाय. पहिल्यांदाच स्वतः जोडत होतो पण उगाच हात घातला नव्हता, आठवडाभर व्हिडिओ बघून, नोट्स काढून केलं. बटण दाबलं, सगळे पंखे फिरले, रंगीत आरजीबी दिवे लखलखले, आणि मॉनिटरवर "नो सिग्नल". बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे असतात, सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स कार्ड), बूट, मशीन जिथे अडकतं तिथला दिवा लागून राहतो, माझा डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहिलेला.

चाळीस सेकंद वाट बघितली, बंद केलं. परत चालू, परत तेच. मग रॅम काढून परत बसवली, दोन्ही बाजूंनी कट्ट आवाज येईपर्यंत दाबली. एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघितली. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टमध्ये नाही ना गेली बघितलं, ग्राफिक्स कार्डातच होती. प्रोसेसरची वरची आठ पिनची वायर बघितली, ती विसरतात बरेच जण, मी विसरलो नव्हतो. बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत लावला. आणि प्रत्येक वेळी चाळीस सेकंद, फार तर एक मिनिट, की बंद. असं रात्री साडेनऊपर्यंत. सोमवारी सकाळी एक व्हिडिओ एडिट करून द्यायचा होता आणि जुनं मशीन मी शहाणपणा करून आधीच विकून टाकलेलं.

त्या अवस्थेत तो नंबर लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. शनिवारी रात्री साडेनऊला दुसऱ्या रिंगला! खरी कंपनी असं करते का कधी?

माणूस इतका गोड बोलत होता की काय सांगू. "सर, घाबरू नका, नवीन बिल्डमध्ये हे होतंच." बॉक्सवरचा सीरियल नंबर विचारला, मी वाचून दाखवला, मागे कीबोर्डचा खडखडाट, आणि मग म्हणाला सर तुमच्या बोर्डाचं बायोस (मशीन चालू करणारा, बोर्डातच असलेला प्रोग्रॅम) जुनं आहे, त्यावर हा प्रोसेसर चालत नाही, आणि बायोसचं लायसन्स पण एक्स्पायर दिसतंय. आता इथे मला मूर्ख म्हणायच्या आधी थांबा. पहिला भाग खोटा नाहीये. ९००० सिरीज २०२४ मध्ये आली, माझ्या बी६५० सारखे ६०० सिरीजचे बोर्ड त्याच्या आधीचे, आणि जुन्या स्टॉकचा बोर्ड हाती लागला तर बायोस अपडेट केल्याशिवाय तो प्रोसेसर खरंच चालू होत नाही. मी हे स्वतः वाचलं होतं. म्हणून तो बोलल्याबरोबर मला वाटलं, अरे बरोबर, हा जाणकार आहे! अर्धं खरं सांगून पुढचं अर्धं घशात उतरवतात ते असं. बायोसला लायसन्स नावाचा प्रकारच नसतो. भरायचं नाही, रिन्यू करायचं नाही, काही नाही. अपडेट कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं.

आणि ज्या बॉक्सवरून मी सीरियल नंबर वाचत होतो ना, त्याच बाजूला, बोटभर वर, स्टिकर होता, "रायझन ९००० रेडी". म्हणजे बायोस नवीनच होतं. मी तो स्टिकर अंगठ्याखाली दाबून बॉक्स धरला होता. आजही तो बॉक्स माळ्यावर टाकायचं धाडस होत नाही, दिसला की पोटात कालवतं.

आधी ४९९ घेतले, "केस रजिस्ट्रेशन". मग ३,८५० लायसन्सचे. मग ७,९९९ "सिक्युरिटी डिपॉझिट, काम झालं की चोवीस तासांत परत". तिन्ही मी माझ्या हाताने पाठवले, पंचवीस मिनिटांत. डिपॉझिटला जरा कचरलो तर म्हणाला सर रात्रीचा इंजिनियर बसवून ठेवलाय तुमच्यासाठी, मी ठेवू का फोन? मीच म्हटलं नको नको ठेवू नका. मी! त्याची विनवणी करत होतो.

मग म्हणाला फोन यूएसबी केबलने बोर्डाच्या मागच्या पोर्टला जोडा, आम्ही तुमच्या फोनमधून बायोस पाठवतो, त्यासाठी हे "ट्रान्सफर ॲप" टाका. ते ॲप कसलं होतं ते तुम्हाला कळलंच असेल, फोनची स्क्रीन त्याला तिकडे दिसत होती. यातही बघा किती हुशारी. बऱ्याच बोर्डांना मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं, फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून, ठरलेल्या पोर्टमध्ये लावून ते बटण दाबलं की बायोस बदलतं, त्याला रॅम लागत नाही की प्रोसेसर. म्हणून पोर्टचं नाव काढल्यावर मला ते पटलं. पण ते मशीन बंद ठेवून करतात, आणि हा म्हणाला मशीन चालू ठेवा, अर्धा तास हात लावू नका, आणि फोनपण उलटा करून ठेवा म्हणजे "सिग्नलला अडथळा" नको. फोन उलटा करून ठेवा! मी ठेवला. शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घालून समोर बसलो.

सगळ्यात जास्त मला काय टोचतंय ते अजून सांगितलंच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या माणसाने एकदाही विचारलं नाही की बोर्डावर कुठला दिवा लागलाय. एकदाही नाही! माझं खातं कुठल्या बँकेत आहे ते दोनदा विचारलं, पण दिवा नाही. पीसीतलं ज्याला थोडंसं कळतं तो पहिला प्रश्न हाच विचारेल, कारण मशीन कुठे अडकलंय ते त्या दिव्यावरून कळतं. मी मनात उत्तर तयार ठेवून बसलो होतो की विचारलं तर डीरॅम सांगायचं. त्याने विचारलं नाही तर मला वाटलं सीरियल नंबरवरून तिकडे दिसत असेल त्याला. बंद पडलेलं मशीन, इंटरनेटला जोडलेलं नाही, त्याला दिसत असेल!

आणि मग जे झालं त्याने माझा पूर्ण घात झाला. दहा-बारा मिनिटांनी मॉनिटर उजळला. खरंच. समोर बायोसचा स्क्रीन, ६४ जीबी रॅम दिसतेय, प्रोसेसरचं नाव बरोबर. डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. त्याला फोनवर तीन वेळा थँक्यू म्हणालो. तो क्षणभर गप्पच झाला, आता वाटतं त्यालाही धक्का बसला असणार. मग म्हणाला वेलकम सर, डिपॉझिट उद्या येईल, आणि ठेवला. त्याच दहा-बारा मिनिटांत उलट्या ठेवलेल्या फोनवरून १४,२०० गेले होते. मेसेज मी सव्वा तासाने बघितला, कारण आनंदाने विंडोज टाकत बसलो होतो.

चालू कसं झालं? ते भाच्याने सांगितलं दुसऱ्या दिवशी. म्हणाला, "मामा, तुम्ही किती वेळ थांबत होतात?" म्हटलं चाळीस सेकंद. त्याने कपाळाला हात लावला. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिचं टायमिंग जुळवत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा लागलेला. त्यात काही मिनिटं जातात, रॅम जास्त असली की आणखी जातात. मी मधेच बंद केलं, रॅम हलवली, सेल काढला की गाडी परत पहिल्यापासून. म्हणजे माझ्या मशीनला काही झालंच नव्हतं. मी त्याला एकदाही पुरेसा वेळ दिला नाही, आणि त्या चोराने खिसा कापताना मी हलू नये म्हणून जी थाप मारली तिने तो वेळ मिळाला. पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसा, चहा करा, काहीही करा, पण बटणाला हात लावू नका. २६,५४८ देऊन शिकलोय हे.

आता पुढची मजा ऐका. बँकेला रात्रीच फोन केला, बावीस मिनिटं संगीत ऐकलं, मग बाई म्हणाल्या व्यवहार तुमच्याच फोनवरून, तुमच्याच ओटीपीने झालाय, आम्ही "नोंद घेतो". नोंद म्हणजे काय विचारलं तर म्हणे नोंद म्हणजे नोंद. खातं तेवढं बंद केलं, तेही मी दोनदा ओरडल्यावर. ऑनलाइन तक्रारीचा फॉर्म भरला, फसवणुकीचा प्रकार निवडा म्हणे, यादीत माझा प्रकारच नाही, "इतर" केलं तर पुढचं पान उघडेना, स्क्रीनशॉट टाकले तर फाइल मोठी, लहान करून आणेपर्यंत सेशन संपलेलं आणि सगळं परत नावापासून. चार वेळा. ऑफिसात प्रत्यक्ष गेलो तर पहिल्या टेबलवरच्या साहेबांना वाटलं मी कॉम्प्युटर बिघडल्याची तक्रार घेऊन आलोय, म्हणाले दुकानदाराकडे जा. दुसऱ्या टेबलवर सगळं पहिल्यापासून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कॉम्प्युटर चालू झाला का?" म्हटलं झाला, पण... "झाला ना? मग सर्व्हिस तर दिली त्याने." शपथेवर सांगतो, हेच शब्द. मी मेमरी ट्रेनिंग समजावून सांगायला लागलो, कागदावर चित्र काढलं, मागे रांगेत उभी असलेली माणसं माझ्याकडे वेड्यासारखी बघतायत. शेवटी अर्ज घेतला, त्यावर विषय लिहिला "संगणक दुरुस्तीबाबत". दुरुस्तीबाबत!! सही शिक्का करून पोच दिलीय, फ्रेम करून लावणार आहे.

त्या जाहिरातीची तक्रार केली, उत्तर आलं की तपासलं, नियमभंग आढळला नाही. आणि बोर्डाच्या खऱ्या कंपनीलाही शनिवारीच मेल टाकला होता, त्याचं उत्तर बुधवारी आलं, दोन ओळी: पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं लागू शकतात, कृपया वाट पाहावी.

तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर नेट बंद करा, ते ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, बँकेला लगेच गाठा, माझ्यासारखं विंडोज टाकत बसू नका. व्यवहारांचे नंबर आणि वेळा कागदावर लिहून ठेवा, कारण प्रत्येक टेबलवर परत सांगावं लागतं. आणि पैसे परत मिळवून देतो म्हणणारे आता तुम्हाला शोधत येतील, तुमचा नंबर यादीत गेलेला असतो.

मला परवाच आला. आवाज वेगळा, गोडवा तोच. सर तुमचे २६,५४८ मंजूर झालेत, फक्त २,९९९ प्रोसेसिंग भरा, आमच्याकडे तुमच्या मशीनची सगळी केस हिस्टरी आहे. म्हटलं भरतो की, लगेच भरतो, फक्त एक सांगा, त्या रात्री माझ्या बोर्डावर कुठला दिवा लागला होता?

ठेवला फोन.