रत्नागिरीतील ‘इमर्जन्सी!’ चाहता मेळावा: प्रात्यक्षिके उत्तम, भाषणे नकोशी

अपघाताच्या जागी जाऊन उपचार करणाऱ्या अग्निशमन जवानांवरच्या, १९७२ साली अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘इमर्जन्सी!’ या मालिकेच्या चाहत्यांचा दिवसभराचा मेळावा रत्नागिरीत भरणार असल्याचे कळले, तेव्हा आपल्याकडे फारशा न पाहिल्या गेलेल्या या मालिकेसाठी येणार तरी कोण, अशी शंका होती. सभागृह मात्र बऱ्यापैकी भरले होते. बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेली मंडळी, त्यांनी परदेशातून आणलेल्या डीव्हीडी पाहून चाहते झालेले त्यांचे घरचे लोक, काही डॉक्टर आणि परिचारिका असा प्रेक्षकवर्ग होता. जेवणासह ३०० रुपये शुल्क मला वाजवी वाटले.

सकाळी चित्रपटाच्या लांबीचा पहिला भाग दाखवण्यात आला. डॉक्टर नसलेल्या अग्निशमन जवानांना अपघाताच्या जागीच उपचार करू द्यावेत की नाही, हा त्यातला वाद निव्वळ काल्पनिक नाही. कॅलिफोर्नियात १९७० साली त्यासाठी खरोखरच कायदा करावा लागला होता. या कल्पनेला आधी विरोध करणारे रुग्णालयातले डॉ. ब्रॅकेट अखेर तिचीच बाजू मांडतात, आणि तो बदल ही भूमिका करणाऱ्या रॉबर्ट फुलर यांनी कुठेही आक्रस्ताळेपणा न करता दाखवला आहे. मात्र पडद्यावर मराठी उपशीर्षके नव्हती. वायरलेसवरचे भराभर इंग्रजी बोलणे पुष्कळांच्या डोक्यावरून गेले आणि हाती दिलेल्या एका पानाच्या कथासाराने ती उणीव भरून निघाली नाही.

दुपारचे सत्र मात्र पैसे वसूल करणारे होते. मालिकेतले गेज आणि डिसोटो हे दोन जवान रुग्णाच्या हृदयाचा आलेख ज्या नारिंगी पेटीतून रॅम्पार्ट रुग्णालयात पाठवतात, त्या बायोफोनची प्रतिकृती एका निवृत्त रेडिओ अधिकाऱ्यांनी प्लायवूड आणि जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर वापरून तयार केली होती. आत वॉकीटॉकी बसवलेला होता. रंगमंचामागच्या खोलीत बसलेल्या परिचारिकेला मुलांनी नाडी, रक्तदाब आणि श्वसन सांगायचे, तिची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची आणि मगच हात चालवायचा, असा खेळ होता. सूचना परत म्हणायला विसरणाऱ्या मुलाला ती बाई तिथेच थांबवत असे. पडद्यावर साधी वाटणारी ही शिस्त प्रत्यक्षात किती अवघड आहे, हे त्यातून चांगले उमगले.

त्यानंतर १०८ रुग्णवाहिकेवर काम केलेल्या एका डॉक्टरांनी केलेली तुलना मला सर्वांत मोलाची वाटली. मालिकेत डॉक्टर रुग्णालयात असतो आणि जवान जागेवर. जवानांची स्क्वॉड ५१ ही गाडी तर रुग्णाला नेतही नाही, त्यासाठी वेगळी रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेत मात्र डॉक्टरच गाडीसोबत येतो. घाटात मोबाइलला रेंज नसेल तर काय करायचे, या श्रोत्यांतून आलेल्या प्रश्नावर चांगलीच चर्चा रंगली. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती कशी दाबायची, याचा बाहुलीवर सरावही झाला. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबताना धडधाकट माणसेही दोन मिनिटांत घामाघूम झाली.

प्रश्नमंजूषा जाणकारांनी तयार केलेली दिसली. मालिकेत आगीचा बंब चालवणारे माइक स्टोकर हे खरेखुरे अग्निशमन कर्मचारी होते, आणि परिचारिका डिक्सीची भूमिका करणाऱ्या जूली लंडन व डॉ. अर्ली झालेले बॉबी ट्रूप हे प्रत्यक्षात पती-पत्नी होते, हे बहुतेकांना तिथेच कळले. जेवणात घावने, काळ्या वाटाण्यांची उसळ आणि सोलकढी होती; उसळ शेवटच्या पंगतीपर्यंत गरम होती, हे आवर्जून नोंदवायला हवे.

तक्रार आहे ती सत्कार आणि भाषणांबद्दल. मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्या पाहुण्यांनी पाऊण तास घेतला, आणि त्यामुळे संध्याकाळी ठरलेला दुसरा भाग निम्म्यावरच बंद करावा लागला. ज्यांना केवळ मालिका पाहायची आहे, त्यांची इथे निराशा होईल. शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मात्र पुढच्या मेळाव्याला दुपारच्या सत्रासाठी अवश्य जावे.