पहिला के-पॉप अल्बम: कोणता घ्यावा, कोणता नाही

के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या नव्या चाहत्यानं थेट फोटोबुकवाला अल्बम घ्यावा. यात सीडी, जाड फोटोबुक आणि ग्रुपातल्या एखाद्याचा फोटो छापलेलं 55 बाय 85 मिलीमीटरचं एक फोटोकार्ड येतं. कार्ड कुणाचं निघेल ते नशिबावर. सातजणांच्या ग्रुपात आपलाच लाडका निघेल ही आशा सोडा. बीटीएस या ग्रुपचा 'मॅप ऑफ द सोल: 7' (2020) चार आवृत्त्यांत आला, पण गाणी तीच, चारही घेण्याची काही गरज नाही.

स्वस्तातला 'वेव्हर्स अल्बम' बघून हुरळून जाऊ नका. त्यात सीडीच नसते, क्यूआर कोड स्कॅन करून गाणी ॲपवर ऐकायची.

पार्सल लातूर-परभणीला येईपर्यंत डब्याचे कोपरे हमखास दबतात. सील तोडण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा; मधे कट असला की विक्रेते बहुधा तक्रार घेत नाहीत.

कार्डाला 56 बाय 87 चं पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) कव्हर घाला. पीव्हीसीचं घेतलं तर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते कार्डाला चिकटतं आणि काढताना छपाईच उचलून आणतं. लाइटस्टिक, म्हणजे कॉन्सर्टमध्ये हातात धरून हलवायचा ग्रुपचा दिवा, मात्र इतक्यात नको. कॉन्सर्टशिवाय तो महागडा टॉर्चच.