जुन्या टॅकोमाचं पुढचं सस्पेन्शन: काम केल्यानंतरचे उन्हाळा-हिवाळा

गाडी २००२ ची टोयोटा टॅकोमा, डबल कॅब, फोर बाय फोर, ३.४ लिटरचं व्ही सिक्स इंजिन. दोन लाख मैल केव्हाच ओलांडलेत, आणि सगळं आयुष्य पेनसिल्व्हेनियात, म्हणजे दर हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ अंगावर घेत. मागच्या वसंतात पुढची बाजू जवळजवळ पूर्ण उघडली: खालचे आणि वरचे बॉल जॉइंट (चाकाचे गोळा-वाटीचे सांधे), टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारी टोकं), लोअर आर्मचे, म्हणजे चाक चेसीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या), स्टेअरिंग रॅकचे बुश, शॉक. तेव्हापासून गाडी रोज चालते आहे.

सगळ्यात आधी खालच्या बॉल जॉइंटबद्दल. तुमच्याकडे १९९५ ते २००४ मधली फोर बाय फोर किंवा प्रीरनर (फोर बाय फोरसारखी उंच, पण टू-व्हील ड्राइव्ह) टॅकोमा असेल तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचाच. या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येतो. स्प्रिंग आर्मला खाली ढकलते आणि चाक जमिनीवर टेकलेलं असल्यामुळे नकल (चाक धरणारा लोखंडी भाग) वरच राहतो. या दोघांच्या मधला बॉल जॉइंट चोवीस तास ताणलेला. ज्या गाड्यांत वजन जॉइंटला दाबून ठेवतं, तिथे तो झिजला तरी गोळा वाटीतच राहतो. इथे वजनच गोळ्याला वाटीतून बाहेर खेचत असतं. वाटी सैल झाली की गोळा निसटतो, चाक आडवं पडतं आणि गाडीचं नाक रस्त्यावर आपटतं. २००५ मध्ये कंपनीने २००१ ते २००४ च्या टॅकोमा याच जॉइंटसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम तेव्हा झालं असेल म्हणून निर्धास्त राहू नका. तेव्हा बसवलेला जॉइंटसुद्धा आता वीस वर्षांचा झालाय.

तपासायची पद्धत महत्त्वाची आहे. जॅक चेसीखाली लावून चाक हलवून पाहिलं तर जॉइंटचा सैलपणा दिसेलच असं नाही. जॅक लोअर आर्मखाली, जॉइंटच्या जमेल तितका जवळ लावायचा, चेसीखाली स्टँड ठेवायचा, चाक दोन बोटं उचलायचं आणि टायरखाली लांब पहार घालून वर उचकायचं. दुसऱ्या माणसाने जॉइंटवर बोट ठेवून बसायचं. माझ्या डाव्या बाजूला बोटाला दर वेळी बारीक ‘टक्’ लागत होतं. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, चिरलेला, आतलं ग्रीस वाळून गंजाच्या रंगाचं झालेलं. आणि गाडी चालवताना? ना खडखड, ना ओढ, काहीच नाही. याच गाडीत मुलं मागे बसतात, म्हणून हा भाग मी डीलरकडून अस्सलच घेतला आणि त्यासोबत चारही बोल्ट नवे घेतले. बाजारात निम्म्याहून कमी भावात जोडी मिळते. टाय रॉड एंड चांगल्या ब्रँडचे बाजारातले घेतले तरी चालतात, मीही तेच केलं. खालच्या बॉल जॉइंटवर मात्र पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

वेळ सगळा खाल्ला तो लोअर आर्मच्या कॅम बोल्टनी. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, हे बोल्ट फिरवूनच होते, आणि मिठाच्या मुलखात ते बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही. तेल सोडलं, आच दिली, हातोडा घातला; शेवटी करवतीने कापावेच लागले. त्यामुळे काम सुरू करण्याआधी नवे कॅम बोल्ट घरात आणून ठेवा, आणि बसवताना नळीत अँटीसीझ (गंजून चिकटू नये म्हणून लावायचं वंगण) भरपूर लावा. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वरचा बॉल जॉइंट नकलमध्ये प्रेसने बसतो, तेवढं काम मशीन शॉपकडून करून घेतलं.

रॅकला पॉलियुरेथेनचे बुश घातले. स्टेअरिंग इतकं नेमकं झालं की हायवेवर सारखं सावरत बसावं लागत नाही. थंडीत सकाळी थोडं करकरतात. बसवताना सिलिकॉन ग्रीस हात सैल सोडून लावावं. शॉक बिल्स्टीन ५१०० आहेत. शहरातल्या खड्ड्यांवर मूळच्यापेक्षा कडक लागतात, बायकोला ते अजून पसंत नाहीत. पण कॅम्पिंगला जाताना खडीच्या रस्त्यावर गाडीचं तोंड थरथरत बाजूला सरकायचं, ते पूर्ण थांबलं.

अलाइनमेंट लगेच केलं. पुढचे टायर आधी आतल्या कडेने खाल्ले जात होते, आता झीज सारखी आहे. हिवाळा संपल्यावर पुन्हा जॅक लावून पहारीने पाहिलं. दोन्ही खालचे जॉइंट घट्ट, बूट कोरडे आणि अखंड. कॅम बोल्टचे नट सैल करून पाहिले, बोल्ट पान्याने सहज फिरले. उजव्या बाजूच्या एका बाहेरच्या टाय रॉड एंडचा बूट मात्र कडेने भेगाळलाय. तो पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी काढणार आहे आणि अलाइनमेंट पुन्हा करून घेणार आहे.