आठ इंची आर्टरी फोरसेप : साळिंदराचे काटे काढताना काजूचा हंगाम आणि पावसाळा वापरल्यावरचा अनुभव

खटका गेला, म्हणजे मिटलेलं तोंड धरून ठेवणारे मुठीजवळचे दाते. सरळ तोंडाची, स्टेनलेस स्टील म्हणून घेतलेली आर्टरी (डॉक्टर रक्तवाहिनी दाबून धरायला वापरतात तो कात्रीसारखा चिमटा) चतुर्थीच्या आसपास सांध्यात तांबूस दिसायला लागली आणि परवा ऐन कामात तिचे दाते सुटले. कुत्रीच्या ओठात काटा, दुसऱ्या हातात तिचा जबडा आणि हत्यार आपोआप उघडतंय. म्हणून हे लिहायला घेतलं. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणकडे ज्यांच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) कुत्री मोकळी असतात, त्यांना साळिंदर काय करतं हे वेगळं सांगायला नको.

घेतली तेव्हा २५० रुपये मोजले. घरात पक्कड असताना हा खर्च कशाला, असं घरून ऐकूनही घेतलं. पण पक्कड सतत दाबून धरावी लागते. कुत्र्याने मान झटकली की मुठीचा जोर कमी होतो आणि काटा निसटतो. आर्टरीचा खटका लागला की काटा धरलेलाच राहतो, बोटं मोकळी होतात. पैसे त्या खटक्याचेच आहेत, बाकी तो साधा चिमटा.

आमची कुत्री चांदी मुधोळ हाउंड जातीची मिश्र. शिकारी रक्त, डोळ्याने सावज पकडायचं आणि सुसाट सुटायचं. हंगामात झाडाखाली बोंडू (काजूची फळं) पडून सडतात, रात्री साळिंदर येतं. ते काटे फेकत नाही, ती जुनी समजूत. पाठ फिरवतं, काटे उभे करतं, शेपटीचे पोकळ काटे खडखड वाजवतं आणि मागच्या मागे अंगावर येतं. वेगात आलेल्या कुत्रीला थांबायला जागाच उरत नाही. गावठी कुत्री लांबून भुंकतात, त्यांना क्वचितच लागतं. शिकारी जातीची कुत्री तोंड, छाती आणि खांदा घेऊन थेट जाऊन आदळतात.

उन्हाळाभर आर्टरीवर मी खूश होतो. ओठातले, हिरडीतले, पंजाच्या बोटांमधले बारीक काटे तिने सुरेख निघाले. कातडीला लागून धरायचं, खटका लावायचा आणि काटा ज्या दिशेने शिरला त्याच रेषेत एका दमात ओढायचा. वाकवलं की मोडतो. सगळ्यात आधी पुढचे पाय कोणीतरी धरायला हवेत, कारण कुत्रं पंज्याने तोंड घासतं आणि बाहेर दिसणारा काटा आत ढकलतं. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

पावसाळ्यात मत बदललं. खांद्यात जाड काटे शिरले, काळे-पांढरे पट्टेवाले, खराट्याच्या हिरासारखे ताठ पण त्याहून जाड. आर्टरीचं निमुळतं तोंड त्यावर नीट बसेना. जोर लावला की घसरे, अजून जोर लावला की काटा चिरडला जाई. शेवटी पक्कडच आणली आणि तिने ते निघाले. त्यामुळे आता सांगतो ते असं : तोंडासाठी आर्टरी, अंगासाठी पक्कड. एकाच हत्याराने सगळं निभावेल असं कोणी विकत असेल तर पैसे जपा.

व्हिडिओंबद्दलही थोडं. बहुतेक अमेरिकेतले असतात. तिकडच्या साळिंदराच्या काट्याच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारे उलटे दाते असतात, म्हणून तिकडे ओढताना एवढी मारामारी. आपल्या साळिंदराच्या काट्याला तसे दाते नाहीत, तो निघतो लवकर. पण तो जाड आणि लांब असल्यामुळे आत खोल जातो, आणि खरा धोका तिथेच आहे. काटा कापून हवा सोडली की सैल होतो, हा सल्ला तर साफ खोटा. कापला की चिरतो आणि धरायला काही उरत नाही. छाती, पोट, गळा, डोळा किंवा सांध्याजवळ काटा असेल तर आर्टरी पेटीतच राहू द्या आणि गुरांच्या डॉक्टरांकडे न्या. तोंडात खूप काटे असतील तरीही न्या, भूल दिल्याशिवाय जिभेखाली नीट बघता येत नाही. मोडलेला तुकडा आत सरकत जातो, काही दिवसांनी भलतीकडेच गाठ येऊन पू होतो. पावसात उघड्या जखमेवर माशी बसली की किडे पडतात, म्हणून रोज बघा. आणि माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला देऊ नका, विष होतं.

आता तो गंज. आर्टरी दर वेळी उकळून, पुसून डब्यात ठेवत होतो. दुकानदार म्हणाला, पाण्यात राहिली असणार, परत घेणार नाही. खरं स्टेनलेस चिकटत नाही या समजुतीने चुंबक लावलं तर चिकटलं, तेही दाखवलं, त्यावर तो म्हणाला, सगळ्याच चिकटतात. चुंबकाचं त्याचं खरं निघालं. ही हत्यारं कडक व्हावीत म्हणून ४१० किंवा ४२० प्रतीच्या पोलादाची करतात. ते चुंबकाला चिकटतंच आणि भांड्यांच्या स्टीलपेक्षा लवकर गंजतं. आयोडीन आणि मिठाचं पाणी त्याला खातं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब हवा. पण हे विकताना सांगायला काय होतं? पेटीवर एक ओळ छापलेली नाही. गोव्याच्या दमट हवेत माल विकणाऱ्याने एवढं सांगायलाच हवं, आणि याच रागात मी तीनच गुण देतोय.

आणखी एक. वाड्यावर (वस्तीत) काही जण मुद्दाम कुत्री घेऊन साळिंदराच्या मागे रात्री जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे, आणि जखमी कुत्रं मग डॉक्टरांना दाखवायचीही चोरी, घरीच उपटाउपट. कुत्र्याचा जीव त्यातच जातो. चांदीला मी आता काळोख पडला की पडवीत बांधतो. साळिंदराच्या तोंडी सुरण थोडा जाईल, जाऊ दे.

नवी आर्टरी वाळपईला दुसऱ्या दुकानात घेतली. घेताना पहिल्या दात्यावर खटका लावला, सांध्याला धरून कड्यांकडची बाजू लाकडी काउंटरवर हलकेच आपटली. उघडली तर खटका कच्चा. मग पातळ कागद तोंडात धरून ओढून पाहिला, घसरता कामा नये. दुकानदार तोंड वाकडं करत होता, तरी समोर ठेवलेल्या सगळ्या तपासल्या. त्यातली एकच टिकली, तीच ३५० रुपयांना आणली.